पाणी उतरायच्या आत

आमच्या घरी फोन नव्हता. मजल्यावर तो फक्त समोरच्या काकूंकडे होता आणि आमच्या झाडून सगळ्या नातेवाइकांनी त्यांचा नंबर पुढे 'पीपी' लिहून उतरवून घेतला होता. त्यामुळे आमच्या घरातली कुठलीही बातमी आधी काकूंना कळायची, मग आम्हाला. चांगली बातमी असली की त्या बेल वाजवायच्या आणि दार उघडायच्या आतच बोलायला सुरुवात करायच्या. वाईट असली की बेलला हात न लावता दारावर हलकेच टकटक करायच्या. त्या सकाळी टकटक झाली.

आई आत धुणं भिजवत होती. बाबा ऑफिसला निघाले होते, मी कॉलेजला. काकूंनी बाबांना पॅसेजमध्ये बोलावलं आणि मी चपला घालत तिथेच होते म्हणून मलाही ऐकू आलं. देवगडच्या एसटीडी बूथवरून मावशीच्या पुतण्याचा फोन होता. मावशी सिरियस आहे, लगेच निघा, एवढं बोलून त्याने ठेवून दिला होता. काकूंनी शेवटचं वाक्य नजर खाली वळवून सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि हातातली ऑफिसची बॅग हळूच खाली ठेवली.

आता हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे फोनवर कधीच कुणी मेलेलं नव्हतं. बाबांचं घर साताऱ्याकडचं. त्यांचे वडील गेले तेव्हा 'वडील सिरियस' अशी तार आली होती, आणि बाबा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. काका गेले, आत्या गेली, प्रत्येक वेळी निरोप तोच. माणूस प्रवासात असताना त्याला धक्का बसू नये म्हणून ही सोय. ऐकणाऱ्याला खरं काय ते कळायचं, पण कळलं असं दाखवायचं नाही. त्यामुळे काकू 'सिरियस' म्हणाल्या आणि बाबांच्या आणि त्यांच्या दृष्टीने मावशी त्या क्षणी गेली. दोघांमध्ये 'गेली' हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही.

आईला मात्र हा हिशोब ठाऊक नव्हता, किंवा त्या दिवशी तिला तो आठवायचा नव्हता. तिने निरोप ऐकला आणि तो जसा होता तसाच घेतला. सिरियस म्हणजे सिरियस. म्हणजे अजून आहे.

मावशी ही आईची मोठी बहीण, आई तिला अक्का म्हणायची. यांची आई लहानपणीच गेली, तेव्हा परकरातल्या माझ्या आईला अक्कानेच न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं आणि लग्न करून दिलं. स्वतः लवकर विधवा झाली आणि देवगडच्या पुढे किनाऱ्यावरच्या त्या गावातून कधी हलली नाही. सानपाड्याला आमच्याकडे ती एकदाच आली, माझी आजी, म्हणजे बाबांची आई वारली तेव्हा. तेराव्यापर्यंत राहून तिने सगळं स्वयंपाकघर एकटीने सांभाळलं. आलेल्या पाहुण्यांना तिचं बोलणं निम्मं कळायचं नाही, पण जेवण सगळ्यांना कळलं. एका दुपारी माझ्याबरोबर जवळच्या दिवाळे गावात जाऊन खाडीतल्या होड्या बघून आली आणि आईला म्हणाली की तुझी सासू पुण्यवान, ओहोटीला गेली. माणूस मरतो तो पाणी उतरताना, भरती चालू असताना जीव जात नाही, असं त्या दोघी बहिणी अगदी गृहीत धरून चालायच्या. बाबा देशावरचे, त्यांना हे ऐकून हसू यायचं.

आईने त्या दिवशी पहिली गोष्ट विचारली ती भरतीची. अवस तोंडावर आली होती, आषाढातली अवस. आजाऱ्याला ती जड जाते, हे तर आमच्या इमारतीत कुणीही सांगितलं असतं. आजच रात्री निघू या, एसटीने जाऊ, ती म्हणाली. बाबा खाली जाऊन आले आणि रात्रीच्या गाड्यांना जागाच नाही असं त्यांनी सांगितलं. ते चौकशीला गेलेच नव्हते. ते काकूंबरोबर वाशीला साडी घ्यायला गेले होते. बाई गेली की माहेरची साडी लागते, आणि मावशीचं माहेर म्हणजे एकटी माझी आई. ती साडी दुकानाच्या कागदात गुंडाळलेलीच बाबांच्या बॅगेत तळाशी गेली. आता धावपळ करून उपयोग काय, बाबा काकूंना म्हणाले, तिकडे दुपारपर्यंत उरकलंही असेल. उद्या सकाळच्या गाडीने आरामात जाऊ. नवीन रेल्वे आहे, तिला तेवढाच त्रास कमी.

मी बाबांना गॅलरीत गाठलं आणि म्हटलं, आईला सांगून टाका. माझा आवाज चढला होता. या लपवालपवीचा मला तेव्हाही संताप यायचा आणि आजही येतो. बाबांनी मला गप्प केलं.

"तिथं पोचल्यावर कळणारच आहे. एक दिवस तरी तिला बहीण असू दे."

ते चुकीचं होतं आणि त्यात माया होती, आणि आमच्या घरात या दोन गोष्टी नेहमी एकत्रच यायच्या.

आईने आपली पिशवी भरली. डझनभर मोसंबी, मेतकूट, मऊ भातासाठी जुना तांदूळ, दोन मऊ गाऊन, तापाच्या गोळ्या, आणि उशीला घालायला म्हणून काकूंकडून मागून आणलेला स्वच्छ अभ्रा. काकूंनी तो देताना तोंड वळवलं. अशा रीतीने दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा आमच्याकडे दोन पिशव्या होत्या, एक जिवंत मावशीची आणि एक मेलेल्या, आणि रिक्षात त्या दोन्ही माझ्या मांडीवर होत्या.

पनवेलला तळोज्याकडून कारखान्यांचा आंबट वास येत होता आणि बारीक पाऊस लागला होता. गाडी आली ती अर्धी सहलीच्या लोकांनी भरलेली. रेल्वे सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि समुद्राच्या कडेकडेने जाणारी गाडी म्हणून तिची एवढी ख्याती झाली होती की लोक नुसते खिडकीत बसायला तिकीट काढायचे. आमच्या समोर गोव्याला चाललेलं एक कुटुंब होतं, आईवडील आणि दोन मुली. मुलींनी पेण येईपर्यंत "सी कब आएगा?" हे इतक्यांदा विचारलं की त्यांचे वडील शेवटी म्हणाले, अगले टनल के बाद. तो माणूस थापा मारत होता. त्या गाडीतून आमच्या बाजूला समुद्र असा दिसतच नाही. दिसतात त्या खाड्या. जमिनीत आतवर हात घालून बसलेलं पाणी, त्याच्या दोन्ही बाजूंना काळे कातळ, चिखल आणि कांदळ. समुद्र कुठेतरी उजवीकडच्या डोंगरापलीकडे असतो आणि काय करतोय ते या हातांवरून ओळखायचं.

आई तेच करत होती. नागोठण्याच्या अलीकडे पहिली खाडी आली तेव्हा ती उठून दारापाशी गेली. चिखल उघडा पडला होता, होड्या कुशीवर कलंडल्या होत्या. मला वाटलं ती घाबरेल. ती परत येऊन बसली आणि म्हणाली, ओहोटी संपली, आता पाणी भरायला लागेल. दुपारपर्यंत भीती नाही. तिच्या चेहऱ्यावर केवढा सुटकेचा भाव होता. बाबा खिडकीतून बाहेर बघायला लागले.

रोहा गेलं. डोंगर जवळ आले, मग अंगावर आले. कापलेल्या लाल मातीच्या भिंती दोन्ही खिडक्यांना घासून जात होत्या आणि त्यांतून पाणी नुसतं ओतत होतं. त्या भिंतींना मध्येमध्ये लोखंडी जाळ्या बांधल्या होत्या आणि जाळ्यांत मोठाले धोंडे अडकून राहिले होते. सहलीची मंडळी प्रत्येक धबधब्याला टाळ्या वाजवत होती. मला त्या धोंड्यांवरून नजर काढता येईना. मग बोगदे सुरू झाले. डब्यातले दिवे लागलेच नाहीत. अंधार झाला की पोरं आरडाओरडा करायची, तशी रीतच पडली होती, आणि त्या काळोखात, त्या ओरडण्यात, मला आईचा हात लागायचा. तो थंडगार असायचा. प्रत्येक बोगद्यातून बाहेर पडताना मला वाटे की उजेडात ती माझ्याकडे वळून विचारणार, खरं काय आहे ते. तिने विचारलं नाही.

खेड मागे पडलं. चिपळूणच्या अलीकडे वाशिष्ठीच्या पुलावर गाडी हळू झाली. खाली गढूळ पाणी काठोकाठ चढलं होतं, कांदळाचे नुसते शेंडे वर होते. आई दारातून परत आली ती जवळजवळ हसतच. तिने मोसंबी मोजली नाहीत, पण पिशवी उघडून एकदा सगळ्यांवरून हात फिरवला आणि मला सांगितलं, की अक्काला सालं काढून द्यायची, रस नाही, तिला चोखून खायला आवडतात. हे मला सहन होईना. मी उठून बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. बाबांचा राग आला, काकूंचा आला, आणि त्या अनोळखी पुतण्याचा तर भयंकर आला, ज्याने एक सरळ शब्द उच्चारला असता तर आमचं हे नाटक वाचलं असतं.

संगमेश्वरच्या अलीकडे एका छोट्या स्टेशनात गाडी थांबली. थांबली ती थांबलीच. पुढे दरड आली होती. पाऊस एवढा वाढला की फलाटाचं टोक दिसेना. उतारावर खाली नदी होती, खाडीचं पाणी आत शिरून फुगलेली. पोरं आधी उत्साहाने उतरली, मग भिजून परत आली, मग कंटाळून झोपली. टाळ्या बंद झाल्या. डोंगरातून अधूनमधून दगड घरंगळल्याचा आवाज यायचा आणि सगळा डबा एकदम गप्प व्हायचा. आई दारात उभी होती. पाणी कांदळाच्या शेंड्यांवर बराच वेळ स्थिर राहिलं, आणि मग शेंड्यांखाली एक ओली, काळी रेघ दिसायला लागली. ती रेघ हळूहळू रुंद झाली.

"उतरायला लागलं," आई म्हणाली.

ती काकडत परत आली. बाबा बाहेर गार्डकडे चौकशी करत होते. तिला त्यांचा स्वेटर हवा होता, म्हणून तिने त्यांची बॅग ओढली. मी हात पुढे केला, पण तोवर दुकानाचा कागद बाहेर आला होता. तिने तो उलगडला. पांढरी, बारीक निळ्या ठिपक्यांची, कडक घडीची सुती साडी. तिने ती मांडीवर ठेवली आणि बाबा आल्यावर विचारलं, ही कुणाला? अक्कांना, बाबा म्हणाले, आजारी आहेत, म्हटलं घेऊ या एक.

"ती नऊवारी नेसते," आई म्हणाली. "पाचवारी कशाला आणलीत?"

काकूंनी दुकानात विचार केला असणार की नेसवायची थोडीच आहे, वरून तर घालायची. पाच वार पुरे झाले. ते आईलाही त्याच क्षणी उमजलं. नेसायची नाही ती साडी कशासाठी असते, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. तिने घडी पुन्हा नीट केली. कधी, असं विचारलं. बाबा म्हणाले, कालच सकाळी असेल.

ती रडली नाही. दारापाशीही पुन्हा गेली नाही. गाडी सुटली, तो लांबलचक बोगदा आला, रत्नागिरी आली, पाणी पार तळाला गेलं असेल, तिने बाहेर बघितलं नाही. समोरच्या मुली जाग्या होऊन भूक भूक करत होत्या. आईने मोसंब्यांची पिशवी उचलली आणि सगळीच्या सगळी त्यांच्या आईच्या ओटीत दिली. तांदूळ आणि मेतकूट कणकवलीच्या फलाटावर एका म्हातारीला दिलं. तिच्या पिशवीत शेवटी गाऊन आणि काकूंचा अभ्रा एवढंच उरलं.

आम्ही तिथे उतरलो तोवर देवगडची एसटी निघून गेली होती. जीप केली. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून उतरताना समुद्राचा आवाज आधी आला, मग संध्याकाळच्या उजेडात तो दिसला, अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच. पाणी खूप लांब गेलं होतं. किनाऱ्याचे सगळे कातळ उघडे पडले होते आणि त्यांच्यात कुठेही माणूस नव्हता.

त्या गावची रीत अशी की माहेरची बाई मयताच्या घरी येते ती गडग्यापासून, म्हणजे आवाराच्या दगडी बांधापासूनच रडत येते. तिचा आवाज ऐकून आतल्या बायकाही रडायला लागतात, मग सगळ्या मिळून तिला आत नेतात. आईने बांधाला हात टेकला आणि हंबरडा फोडला. सबंध दिवसाचं, सबंध जन्माचं जे साचलं होतं ते बाहेर आलं. अक्का गो, अक्का, माका एकटी टाकून खंय गेलंस. मी तिला कधी असं रडताना ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. आणि मग दुसरा आला, कारण आतून कुणीच रडत नव्हतं. अंगणात लोक नव्हते. ओटीवर दिवा होता, आणि पडवीतल्या कोंबड्या तेवढ्या घाबरून ओरडल्या.

पुतण्या धावत बाहेर आला. त्याच्या हातात पेजेची वाटी होती.

"मावशी, हळू रड. ती जागी आसा," तो माझ्या आईला म्हणाला.

आईचा आवाज तोडल्यासारखा थांबला. बाबांनी काहीतरी विचारलं असणार, कारण तो त्यांच्याकडे वळून चिडक्या, रडवेल्या आवाजात म्हणाला, की मी सिरियस म्हटलंय, गेली म्हणून खंय म्हटलंय? कालपासून ती दाराकडे बघतेय. काल रात्री येतील म्हणून आम्ही कंदील घेऊन स्टँडवर गेलो होतो. बाबा बांधावर बसले. पावसात, ओल्या दगडावर, बॅग पोटाशी धरून.

आणि तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक होता, पण स्पष्ट.

"कोण गेला गो?"

आम्ही आत गेलो. मावशी खाटेवर होती, नाक तेवढं वर आलेलं, बाकी सगळी चादरीत हरवलेली. डोळे मात्र लखलखीत होते. तिने सगळं ऐकलं होतं. आपलं नाव, आपल्या बहिणीच्या तोंडून. आई तिच्या उशाशी बसली आणि तिला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं, कुणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं. तिच्या तोंडात जे पहिलं आलं ते ती बोलून गेली.

"माझी सासू, अक्का."

माझी आजी जाऊन तेव्हा वर्षं लोटली होती. तिचं तेरावं याच बाईने रांधलं होतं. मावशी आईकडे बघत राहिली. मी दाराला धरून उभी होते आणि मला स्पष्ट दिसलं, की तिला आजी आठवली, सानपाड्याचं स्वयंपाकघर आठवलं, आणि मग आम्ही का आलो आणि कसे आलो ते सगळं एका दमात कळलं. तिने चादरीतून हात काढला आणि आईच्या डोक्यावर ठेवला.

"सुटली बिचारी," ती म्हणाली. "रडा नको, बाय. म्हातारी होती."

आई तिच्या कुशीत तोंड घालून रडली आणि ती आईला थोपटत राहिली. त्या म्हातारीच्या चांगल्या गोष्टी एकेक करून सांगत राहिली, कढी कशी छान करायची, कुणाला कधी टोचून बोलली नाही. माझ्या आजीला कढी येत नव्हती, आणि टोचून बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मावशी कुणाबद्दल बोलत होती ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं, आणि कळलं असं कुणी दाखवत नव्हतं.

दम लागला म्हणून ती थांबली. मग तिने बाबांना जवळ बोलावलं. ते ओलेचिंब आत आले. तिची नजर त्यांच्या बॅगेवर होती.

"साडी आणलंस ना माहेरची?" तिने आईला विचारलं.

नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आईने ती कागदातून काढून तिच्या हातात दिली. मावशीने बोटांनी पोत चाचपला, काठ शोधला, घडी थोडी उलगडून दिव्याकडे धरली. बाहेर पाणी वळलं असावं, कारण समुद्राचा आवाज थोडा जवळ आल्यासारखा वाटत होता.

"ही तर पाचवारी," ती म्हणाली. "आखूड पडतली गो माका."

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या आधीच बाबा देवगडच्या बाजारात जाऊन बसले होते. हिरवट काठाची नऊवारी घेऊन आले. मावशीने ती बघितली, चांगली आहे म्हणाली आणि उशाखाली ठेवायला लावली. अवसेच्या दिवशी संध्याकाळी, पाणी उतरत असताना, आई तिला तीच नेसवत होती, आणि पदर पुरेसा लांब आला.